संदेश निघाला, पण पोहोचला काय?
ग्रामसंस्थांच्या लोकसंपर्काचे मूल्यमापन

लोकशाही राज्यव्यवस्थेत शासन आणि जनता यांच्यामध्ये सतत संवाद असणे अगत्याचे असते. योजना कितीही उपयुक्त असली, तरी ज्याच्यासाठी ती आखली त्याला तिची माहितीच नसेल, तर ती कागदावरच राहते. म्हणूनच राज्य शासनापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक संस्था लोकांना माहिती देण्यासाठी काही ना काही प्रयत्न करीत असते. फलकावर नोटिसा लागतात, दवंडी दिली जाते, पत्रके वाटली जातात, मेळावे भरतात आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून संदेशही जातात. वर्षअखेरीस या साऱ्याचा अहवाल तयार होतो. इतक्या सभा झाल्या, इतकी पत्रके वाटली, इतके फलक लावले, अशी आकडेवारी त्यात असते.

मात्र ही आकडेवारी संस्थेने काय केले एवढेच सांगते. लोकांना काय मिळाले, हे त्यातून कळत नाही. पत्रक वाटले गेले. पण ते वाचले गेले काय? वाचले तर समजले काय? समजले तर त्याचा उपयोग वेळेत करता आला काय? आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका आली असेल, तर ती विचारण्याची सोय होती काय? या प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच लोकसंपर्काचे मूल्यमापन होय. हे काम मोठ्या शहरांतील तज्ज्ञांनीच करावयाचे असते, असा समज आहे. वस्तुतः एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला ते स्वतःच्या बळावर, फारसा खर्च न करता करता येते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक गाव, अनेक श्रोते

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवली हे गाव घेऊ. भोर हे पूर्वी पंतसचिवांचे संस्थान होते आणि १९४८ साली ते विलीन झाले. भोरचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कड्याकपारींचा, तर भोंगवलीचा परिसर पुणे–सातारा महामार्गाच्या पूर्वेचा आहे. गावात ग्रामपंचायत आहे आणि आसपासच्या गावांना सेवा देणारे प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. म्हणजे लोकांशी रोज बोलणाऱ्या निदान दोन संस्था येथे नांदतात. पुढील विवेचनात या गावातील कोणत्याही प्रत्यक्ष त्रुटीचे वर्णन नाही. अशा प्रकारच्या कोणत्याही गावाला लागू पडेल, अशी पद्धत सांगण्याचा हेतू आहे.

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे आपण कोणाशी बोलतो आहोत, हे ठरविणे. ‘गावकरी’ हा शब्द सोयीचा आहे, पण त्यामागे अनेक गट असतात. गावठाणात राहणारा शेतकरी ग्रामपंचायतीच्या फलकावरून दिवसातून दोनदा जातो. शेतावरच्या वस्तीत राहणारे कुटुंब आठवड्यातून एखाद्या दिवशी गावात येते. मेंढपाळ कुटुंबे वर्षातील काही महिने गावाबाहेर असतात. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुण्याला कामास जाणारा तरुण पहाटे बाहेर पडतो आणि दवंडी होते तेव्हा तो गावात नसतो. घरातील सुनेला सभेची वार्ता सासऱ्यांकडून कळली तर कळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला अक्षरओळख नसेल, तर सुंदर अक्षरातील फलकही तिच्या उपयोगाचा नाही. यांपैकी प्रत्येकाचा कान निराळ्या दिशेला असतो. एकाच साधनाने सर्वांपर्यंत पोहोचलो, असे मानणारी संस्था बहुधा गावठाणातील पुरुषांपर्यंतच पोहोचलेली असते.

कायद्याची अपेक्षा

लोकांना माहिती देणे ही संस्थेची मर्जी नाही, ते तिचे कर्तव्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला कायद्याचे अधिष्ठान दिले. सभेची सूचना सात दिवस अगोदर द्यावी, ती ठळक जागी लावावी आणि दवंडीनेही कळवावी, असा दंडक आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही पुढे झाली. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. गावात १,२०० मतदार असतील, तर त्यांच्यापैकी १०० जण आले की सभा कायदेशीर ठरते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही.

या तरतुदीचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. सूचना लोकांपर्यंत पोहोचली नाही, तरी सभा होऊ शकते, ठराव होऊ शकतात आणि ते सर्व गावाला बंधनकारक ठरतात. २०१५–१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींनी लोकसहभागातून विकास आराखडा तयार करावा, असे धोरण अंगीकारण्यात आले. ज्या वस्तीला सभेची वार्ताच कळली नाही, त्या वस्तीची पाणीपुरवठ्याची मागणी अशा आराखड्यात कशी येणार? लोकसंपर्कातील उणीव ही अशा रीतीने थेट नळ, रस्ता आणि दिवा यांच्यापर्यंत जाऊन भिडते.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णतः अंमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. नागरिकाने मागण्यापूर्वीच सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी या कायद्याच्या चौथ्या कलमात नमूद आहेत. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, माहिती प्रसृत करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती, यांचा विचार करावा. म्हणजे परिणामकारकता ही कायद्यानेच घातलेली कसोटी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करावयाचे, हे कार्यालयात फलकावर लावणे आवश्यक आहे. जन्म-मृत्यूचा दाखला किंवा घराच्या नमुना ८ चा उतारा मागावयास आलेल्या माणसाने तो फलक वाचून आपला हक्क ओळखावा, हा त्यामागील उद्देश आहे. फलक लावला की कायद्याचे शब्द पाळले गेले. माणसाला हक्क कळला, तरच कायद्याचा हेतू सफल झाला.

पुणे केंद्राचा एक जुना प्रयोग

लोकसंपर्काचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन ही आपल्याकडे अगदी नवी गोष्ट आहे, असे नाही. त्याचा एक उत्तम पाठ याच प्रदेशात घालून दिला गेला. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून ग्रामीण श्रोतामंडळांचा एक प्रयोग करण्यात आला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालत होती. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे त्यांचे सूत्र होते. त्यावरून प्रेरणा घेऊन पुणे केंद्राच्या क्षेत्रातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत अशा विषयांवर एकंदर २० कार्यक्रम आठवड्यातून दोनदा प्रक्षेपित झाले. गावातील मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी त्याची आखणी केली. त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे. किती रेडिओ संच बसविले वा किती लोकांनी कार्यक्रम ऐकला, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी त्यांनी गावकऱ्यांना त्या विषयांवरील प्रश्न विचारून त्यांना काय ठाऊक आहे, याची नोंद केली. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा तीच विचारणा केली. शिवाय श्रोतामंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओही नाही अशी गावे, यांची परस्परांशी तुलना केली. निरीक्षक मंडळांच्या बैठकींना प्रत्यक्ष हजर राहिले.

निष्कर्ष बोलका होता. जेथे मंडळे होती, तेथे लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. जेथे केवळ रेडिओ होता, तेथे ती अल्प होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच आणि शब्दही तेच. तरी परिणामात एवढे अंतर पडले. याचे कारण उघड आहे. ऐकलेल्या गोष्टीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलता आले, शंका विचारता आली आणि विचारलेल्या शंकेचे उत्तर मिळाले, म्हणजे माहिती माणसाची स्वतःची होते. या प्रयोगाच्या आधारे १९५९ पासून ही योजना देशातील इतर केंद्रांवरही विस्तारली. पूर्वस्थितीची नोंद, नंतरची नोंद आणि तुलना, ही जी त्रिसूत्री त्या वेळी वापरली गेली, ती एखाद्या ग्रामपंचायतीलाही सहज वापरता येण्याजोगी आहे.

पाच कसोट्या

संस्थेचा लोकसंपर्क कितपत यशस्वी झाला, हे पाहण्यासाठी पाच कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी पोहोचण्याची. संदेश ज्या माणसासाठी होता, त्याच्या कानावर वा डोळ्यांसमोर तो आला काय? येथे सरासरीवर विसंबून चालत नाही. गावठाण, वाड्या आणि शेतावरच्या वस्त्या, पुरुष आणि स्त्रिया यांची नोंद निरनिराळी ठेवावी लागते.

दुसरी कसोटी आकलनाची. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीत आला. परंतु मराठीत लिहिलेले सर्वच मराठी माणसाला समजते, असे नाही. ‘अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यासह सादर करावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या वृद्धेला त्यातून काय बोध होणार? तिला सांगावयाचे ते असे: अर्जाचा कागद कोठे मिळेल, उत्पन्नाचा दाखला कोण देईल, कोणते कागद बरोबर न्यावयाचे आणि कोणत्या दिवशी कोणाला भेटावयाचे. एवढे चार मुद्दे साध्या शब्दांत सांगितले, तर तिची एखादी खेप वाचते. आकलनाची परीक्षा सोपी आहे. सूचना वाचून दाखवावी आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. ऐकणाऱ्याने नेमकी कृती सांगितली, तर सूचना उतरली. तो गोंधळला, तर दोष सूचनेचा आहे, त्याचा नव्हे.

तिसरी कसोटी वेळेची. अर्जाची मुदत संपावयास दोन दिवस असताना मिळालेली माहिती ही मिळूनही न मिळाल्यासारखी असते. सात दिवसांची सूचना सातव्या दिवशी फलकावर लागली, पण वस्तीवर ती चौथ्या दिवशी कळली, तर वस्तीच्या दृष्टीने ती चारच दिवसांची ठरते.

चौथी कसोटी विश्वासाची. एकच गोष्ट ओळखीच्या आशा कार्यकर्तीने सांगितली तर पटते आणि अनोळखी पत्रकातून आली तर पटत नाही. पूर्वी दिलेले वचन पाळले गेले नसेल, तर नवी घोषणा कितीही मोठ्याने केली, तरी लोक ती मनावर घेत नाहीत. म्हणून ‘ही माहिती तुम्हांस कोणाकडून मिळाली आणि ती खरी वाटली काय?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

पाचवी कसोटी परतीच्या आवाजाची. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे काय झाले? तक्रारवहीत किती नोंदी आल्या, त्यांतील किती जणांना उत्तर मिळाले आणि किती दिवसांत मिळाले, हे पाहावे. तक्रारवही कोरी असेल, तर लोक समाधानी आहेत, असा निष्कर्ष घाईने काढू नये. वही आहे हेच लोकांना ठाऊक नसेल किंवा लिहून उपयोग नाही, असा अनुभव त्यांनी घेतला असेल, तरीही ती कोरीच राहते.

पाहणी कशी करावी

या कसोट्या प्रत्यक्षात लावण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. समजा, गावात ३२० घरे आहेत. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीतून दर आठवे घर निवडले, तर ४० घरे मिळतात. अशा निवडीमुळे ओळखीची, रस्त्यालगतची किंवा सरपंचांच्या आळीतील घरेच पाहणीत येण्याचा दोष टळतो आणि दूरच्या वस्त्यांनाही त्यांचा वाटा मिळतो. निम्म्या घरांत स्त्रियांना आणि निम्म्या घरांत पुरुषांना प्रश्न विचारावेत.

प्रश्न कोणी विचारावेत, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) किंवा सदस्यांनी स्वतः विचारले, तर लोक भिडेखातर ‘हो, कळले होते’ असे सांगतात. त्याऐवजी दोन शेजारच्या गावांनी परस्परांची पाहणी करावी किंवा महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचे साहाय्य घ्यावे. उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून घेऊ नये. आणि ‘कळले काय?’ असे न विचारता ‘काय कळले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकार देणे सोपे असते. दुसऱ्या प्रश्नाला खरोखर ठाऊक असल्यावाचून उत्तर देता येत नाही.

ग्रामसभा झाल्यानंतर आठवड्याच्या आत पुढील प्रश्न विचारता येतील: सभा होणार हे तुम्हांस कळले होते काय? कोणाकडून आणि किती दिवस आधी? ती कोठे व कोणत्या वेळी होती? तीत कोणते विषय होते? तुम्ही गेलात काय, आणि गेला नसाल तर का? गेला असाल तर काही बोललात काय? तुमच्या बोलण्याचे पुढे काय झाले?

उत्तरे कशी वाचावीत, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, ४० पैकी ३१ जणांना सभा होणार हे कळले होते. १८ जणांना तिची जागा व वेळ सांगता आली. ११ जणांना निदान एक विषय सांगता आला. ६ जण सभेस गेले, २ जण बोलले आणि एकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वरवर पाहता तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांपर्यंत सूचना पोहोचली, असा अहवाल देता येईल. परंतु पायरीपायरीने उतरत गेलेले आकडे गळती कोठे आहे, हे दाखवितात. ३१ वरून १८ वर घसरण झाली, कारण दवंडीत ‘सभा आहे’ एवढेच ऐकू आले. १८ वरून ११ वर घसरण झाली, कारण विषयपत्रिका कार्यालयीन भाषेत होती. ११ पैकी ६ च आले. कदाचित सभेची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नसेल. प्रत्येक पायरीवरील उपाय निराळा आहे. ‘लोकांना रसच नाही’ असे म्हणून सर्व पायऱ्या एकाच शब्दात गुंडाळल्या, तर कोणताच उपाय सुचत नाही.

त्याच ३१ ची फोड वस्तीनिहाय करून पाहू. समजा, गावठाणातील २० पैकी १९, वाडीतील १२ पैकी ९ आणि शेतावरच्या वस्त्यांतील ८ पैकी ३ जणांना सभा कळली होती. एकूण आकडा समाधानकारक वाटला, तरी शेतावरच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक लोक संवादाबाहेर राहिले, हे या फोडीवरून ध्यानात येते. नवा फलक गावठाणात उभारण्यापेक्षा आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा शाळेतील मुलांच्या हाती वस्त्यांवर चिठ्ठी पाठविणे अधिक उपयुक्त ठरेल, हा निर्णय मग आपोआप होतो.

आरोग्य केंद्राचा संवाद

आरोग्याच्या क्षेत्रात संवादाची उणीव अधिक गंभीर ठरते. बालकाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी द्यावयाच्या लसी वेळेवर मिळाव्यात, यासाठी आईला पुढील तारीख ठाऊक असणे आवश्यक आहे. लसीकरणानंतर थोडा ताप येऊ शकतो, हे तिला आधी सांगितले नसेल, तर ताप येताच ती घाबरते आणि पुढील मात्रेला येत नाही. लस साठ्यात आहे, परिचारिका हजर आहे, तरीही मूल वंचित राहते. म्हणून केंद्राबाहेर पडणाऱ्या आईला तिथल्या तिथे दोन प्रश्न विचारावेत: पुन्हा केव्हा यावयाचे? ताप आला तर काय करावयाचे? उत्तर अडखळले, तर ते सांगण्याची हीच वेळ असते. त्याचप्रमाणे पावसाळ्याच्या आरंभी शेतावरच्या वस्त्यांत विचारून पाहावे की, रात्री कोणास सर्पदंश झाला तर तुम्ही काय कराल? रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ज्या घरात कोणालाच सांगता आला नाही, तेथे आपला संदेश अद्याप पोहोचलेला नाही, असे समजावे. अशा घरात उशिरा कळलेल्या माहितीची किंमत एखाद्या जिवाने मोजावी लागते.

लोकांनीच आरोग्य संस्थेचे मूल्यमापन करावे, असाही प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून लोकाधारित देखरेख व नियोजनाचे काम सुरू झाले. पहिल्या टप्प्यातील पाच जिल्ह्यांत पुणे जिल्ह्याचा समावेश होता. गावातील समित्यांनी सेवांविषयी लोकांना विचारून प्रगतिपत्रके तयार केली. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यम सेवेला पिवळा आणि असमाधानकारक सेवेला लाल रंग देण्यात आला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे पत्रक एका दृष्टिक्षेपात कळत असे. पुढे जनसुनवाईत अधिकारी व गावकरी समोरासमोर आले आणि प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे दिली गेली. मूल्यमापनाचा निकाल स्वतःच सुबोध रीतीने लोकांपुढे ठेवला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

नवी साधने, जुना प्रश्न

आता बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आहे आणि अनेक गावांत व्हॉट्सअ‍ॅपचे गट चालतात. कामानिमित्त बाहेर असणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचण्याचे हे उत्तम साधन आहे. तथापि त्यावरही जुनाच प्रश्न लागू पडतो. गटात गावातील कोणती घरे नाहीत? फोन घरात असला, तरी तो कोणाच्या हाती असतो? शुभेच्छा आणि छायाचित्रांच्या गर्दीत सभेची सूचना किती जणांच्या नजरेस पडते? संदेश ‘पाठविला’ अशी खूण उमटली, म्हणजे माणसाला माहिती मिळाली, असे नाही. नवे साधन आले म्हणून दवंडी, फलक आणि घरभेट यांना निरोप देणे शहाणपणाचे होणार नाही. कोणत्या वस्तीसाठी कोणते साधन उपयोगी पडते, हे पाहणीवरून ठरवावे.

निकालाचे काय करावे

पाहणी करून तिचा अहवाल कपाटात ठेवला, तर लोकांचा वेळ घेऊन त्यांना पुन्हा एकदा निराश केल्यासारखे होईल. निकाल पुढील ग्रामसभेत मोठ्या अक्षरात लावावा व वाचून दाखवावा. एकाच वेळी दहा सुधारणा हाती घेण्यापेक्षा एक-दोन निश्चित सुधारणा कराव्यात. विषयपत्रिका साध्या भाषेत लिहावी, सभेची वेळ बदलून पाहावी किंवा मागील सभेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सभेच्या आरंभीच द्यावीत. त्यानंतर सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. शेजारच्या गावातही पाहणी झाली असेल, तर झालेला बदल आपल्या उपायामुळे झाला की अन्य कारणाने, हेही ताडून पाहता येते. १९५६ साली पुणे केंद्राच्या प्रयोगात हेच तत्त्व वापरले गेले होते.

अशा पाहणीतून उणिवा उघड होतील, म्हणून पदाधिकारी व कर्मचारी यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. ही एखाद्या व्यक्तीची परीक्षा नाही. सूचना, साधन, वेळ आणि भाषा यांची ती तपासणी आहे. विहिरीची पातळी मोजली म्हणून पाणी कमी होत नाही. उलट किती पाणी आहे, हे कळल्याने त्याचे नियोजन करता येते. लोकसंपर्काचेही तसेच आहे.

ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, शाळा आणि सहकारी सोसायटी या गावाच्या स्वतःच्या संस्था आहेत. त्यांनी लोकांशी बोलावे, तसेच लोकांचे ऐकावेही, हीच पंचायत राज्याची मूळ कल्पना आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा तरी चाळीस घरी जाऊन ‘आमचे म्हणणे तुमच्यापर्यंत पोहोचले काय, आणि तुमचे म्हणणे आमच्यापर्यंत पोहोचले काय?’ एवढी विचारपूस करावी. तिला एक वही, काही विद्यार्थी आणि दोन दिवस एवढेच पुरेसे आहेत. शेवटच्या वस्तीवरील वृद्धेला तिच्या अनुदानाची तारीख वेळेवर कळेल आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल, तेव्हा त्या संस्थेचा लोकसंपर्क यशस्वी झाला, असे निःशंकपणे म्हणता येईल.